डायरेक्टर शेजारी बसून पिक्चर दाखवतो तेव्हा... ऑडिओ कॉमेंट्री म्हणजे काय आणि मराठी सिनेमाला ती का लाभली नाही?

गावच्या यात्रेतला तंबू असो नाहीतर घरातला टीव्ही. पिक्चर बघायला चार जण बसले की त्यात एक गडी असा असतोच, ज्यानं तो पिक्चर आधी बघितलेला असतो. हिरो दार उघडायच्या आधीच हा सांगणार, "आता बघ, आत कोण बसलंय ते." गाणं सुरू झालं की सांगणार, "हे इथलं नाहीये, लांब कुठंतरी जाऊन शूट केलंय." बाकीचे वैतागतात, कोणीतरी उशी फेकून मारतं, पण खरं सांगायचं तर त्याच्या दहा वाक्यांतलं एखादं वाक्य असं निघतं की ते ऐकून पिक्चर वेगळाच दिसायला लागतो.

आता समजा, शेजारी बसलेला तो गडी म्हणजे त्याच पिक्चरचा डायरेक्टर असेल तर? आणि तो पहिल्या पाटीपासून शेवटच्या नावापर्यंत बोलत असेल, की हा शॉट कसा घेतला, हा नट कुठं सापडला, इथं पाऊस आला म्हणून सीन कसा बदलला, आणि हा जो संवाद सगळे टाळ्या वाजवत म्हणतात तो कागदावर नव्हताच?

ही कल्पना नाही. जगात हा प्रकार चाळीस वर्षं चालू आहे. त्याला म्हणतात ऑडिओ कॉमेंट्री. घरी बघायला मिळणाऱ्या पिक्चरच्या डिस्कवर मूळ आवाजाशिवाय आवाजाचा आणखी एक ट्रॅक असतो. मेनूत जाऊन तो निवडला की चित्र तेच राहतं, मूळ संवाद बारीक होतात आणि वरून पिक्चर बनवणारी माणसं बोलायला लागतात.

शिरूर नाहीतर दौंडच्या घरात लहानाचे मोठे झालेल्या बहुतेकांनी हा ट्रॅक आयुष्यात एकदाही ऐकलेला नसतो. त्यात त्यांची चूक काहीच नाही. ते का झालं, याची गोष्ट जरा मोठी आहे, आणि तिचं एक टोक चक्क रांजणगावच्या एमआयडीसीत येऊन पोचतं.

सुरुवात एका रिकाम्या जागेपासून झाली

१९८४ साली अमेरिकेत क्रायटेरियन नावाच्या कंपनीनं १९३३ सालचा ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर काढला. लेझरडिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीएवढी मोठी, चकचकीत डिस्क. आपल्याकडे ती सर्वसामान्य घरांत कधी पोचलीच नाही. या डिस्कवर आवाजासाठी दोन वेगळे मार्ग होते. ‘किंग काँग’ जुना, त्याचा आवाज मोनो, म्हणजे एकाच मार्गात मावणारा. दुसरा मार्ग रिकामा.

रॉन हॅव्हर नावाचा माणूस तेव्हा लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात चित्रपट विभाग बघायचा. डिस्कसाठी फिल्म उतरवून घेण्याचं काम सुरू असताना तो शेजारी बसून एकेका सीनचे किस्से सांगत होता. ऐकणाऱ्यांना वाटलं, हे असंच रेकॉर्ड करून त्या रिकाम्या मार्गात का टाकू नये? टाकलं. पहिली ऑडिओ कॉमेंट्री अशी जन्माला आली. तिच्यामागे कुठली योजना नव्हती. जागा रिकामी होती आणि गप्पिष्ट माणूस हजर होता, बास.

नंतर १९९६ साली जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत डीव्हीडी आली आणि हा खेळ घराघरांत गेला. एका डीव्हीडीवर आवाजाचे आठ ट्रॅक आणि सबटायटल्सचे ३२ संच बसू शकतात. कंपन्यांना प्रश्न पडला की एवढ्या जागेत भरायचं काय? लोकांनी व्हिडिओ कॅसेटवर एकदा विकत घेतलेला पिक्चर पुन्हा विकत घ्यायला लावायचा तर काहीतरी जास्तीचं द्यायला हवं. डायरेक्टरला दोन-तीन तास माइकसमोर बसवणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय होता. मेकिंगचा व्हिडिओ करायचा तर कॅमेरा लागतो, एडिटिंग लागतं. कॉमेंट्रीला एक खोली, एक टीव्ही आणि माइक पुरतो.

यात ऐकण्यासारखं काय असतं?

सगळ्याच कॉमेंट्र्या भारी असतात असं अजिबात नाही. ‘टोटल रिकॉल’च्या डिस्कवर दिग्दर्शक पॉल व्हरहोवनसोबत अर्नोल्ड श्वार्झनेगर बसलाय आणि बराच वेळ तो पडद्यावर जे दिसतंय तेच सांगत राहतो. म्हणजे यात्रेतल्या तंबूतला आपला तो गडीच. पण गंमत अशी की हीच कॉमेंट्री लोकांनी विनोदी कार्यक्रमासारखी डोक्यावर घेतली.

दुसऱ्या टोकाला स्टीव्हन सोडरबर्गच्या ‘द लाइमी’ची कॉमेंट्री. सोबत लेखक लेम डॉब्स. माझ्या कथेचं तू हे काय केलंस, असं म्हणत लेखक पूर्ण पिक्चरभर दिग्दर्शकाशी भांडतो. संहितेतलं काय गळालं, का गळालं, हे सीन समोर चालू असताना दोघं एकमेकांना सुनावतात. पटकथा शिकणाऱ्या पोरांना असा तास कुठल्या वर्गात मिळणार नाही. मुलाखतीत लोक सभ्य वागतात. इथं पडदा पुढं सरकत असतो, त्यामुळं खोटं बोलायला सवड कमी मिळते.

फ्रान्सिस फोर्ड कपोलानं ‘गॉडफादर’वर केलेली कॉमेंट्री ऐकताना वेगळीच गोष्ट कळते. जगातल्या थोर पिक्चरमध्ये गणला जाणारा हा पिक्चर बनताना बनवणारा माणूस रोज आपली नोकरी जाणार या भीतीत होता. एवढं ठाऊक झालं की तोच लग्नाचा सीन दुसऱ्यांदा बघताना त्यामागची धाकधूक दिसायला लागते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वाढीव आवृत्त्यांवर तर प्रत्येक भागाला चार-चार ट्रॅक आहेत. दिग्दर्शक आणि लेखकांचा एक, नटांचा एक, आणि उरलेले दोन कपडे, सेट, संगीत, एडिटिंग अशी पडद्यामागची कामं करणाऱ्यांचे. एरवी ज्यांचं नाव वाचायच्या आत प्रेक्षक चप्पल शोधायला लागतो, ती ही माणसं.

रॉजर एबर्ट हा समीक्षक. त्यानं ‘सिटिझन केन’वर केलेली कॉमेंट्री अभ्यासू प्रकारची. छत दिसावं म्हणून कॅमेरा किती खाली लावलाय, पाठीमागचा माणूस आणि पुढचा माणूस दोघंही एकदम स्पष्ट कसे दिसतात, हे तो दाखवत जातो. आणि काही लोक हा प्रकार करतच नाहीत. स्टीव्हन स्पीलबर्ग कॉमेंट्री देत नाही. डेव्हिड लिंचनंही दिली नाही. पिक्चरनं स्वतः बोलावं, बनवणाऱ्यानं मध्ये बोलू नये, असा त्यांचा हिशेब. तोही चुकीचा म्हणता येत नाही.

भारतातलं ठळक उदाहरण म्हणजे मीरा नायर. २००१ साली व्हेनिसला गोल्डन लायन मिळवलेल्या ‘मॉन्सून वेडिंग’च्या क्रायटेरियन आवृत्तीवर त्यांची कॉमेंट्री आहे. पण ती डिस्क निघाली अमेरिकेत आणि तिचा गिऱ्हाईकही मुख्यतः तिकडचाच.

हे आपल्याला नवीन आहे का? नाही

मूळ गोष्ट आणि तिच्यावर चालू राहणारं बोलणं ही जोडी मराठी माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. इथं टीका म्हणजे नावं ठेवणं नव्हे, उलगडून सांगणं. सप्ताहात कीर्तनकार अभंगाचं एक चरण घेतो, थांबतो, निरूपण करतो, मध्येच गावातलाच एखादा दाखला देतो आणि पुन्हा चरणावर येतो. समोरच्या म्हाताऱ्यांना तो अभंग पाठ असतो. तरी ते येतात, कारण शब्दांपेक्षा हे महाराज त्यात काय दाखवतात ते ऐकायचं असतं. ऑडिओ कॉमेंट्री ज्याला आवडते तो माणूस नेमका हाच. गोष्ट माहीत असलेला आणि तरीही परत येणारा.

मुक्या सिनेमाच्या काळात तर पडद्याशेजारी बोलणारा माणूस लागायचाच. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा संवाद पाट्यांवर लिहिलेले असत आणि वाचता येणारे प्रेक्षक थोडे. मग पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा कोणीतरी हवाच. जपानमध्ये या बोलणाऱ्यांना बेन्शी म्हणत आणि काही बेन्शी नटांपेक्षा मोठे स्टार होते. अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ बेन्शीच होता. बोलपट आले आणि ती जमात संपली.

शिरूर पट्ट्यात कॉमेंट्री म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो बैलगाडा शर्यतीच्या घाटावरचा निवेदक. कुणाची बारी, कुणाची बैलं, किती सेकंदांत घाट पार, हे सगळं एका दमात. क्रिकेटमध्ये बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठी समालोचन करून दाखवलं होतं, आणि आज गावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेचं यूट्यूब लाइव्ह असलं तरी माइकवरचा माणूस सामन्याइतकाच महत्त्वाचा असतो.

फरक एकच, पण मोठा आहे. घाटावरच्या निवेदकाला पुढच्या सेकंदाला काय होणार ते माहीत नसतं. पिक्चरवर बोलणाऱ्याला सगळं माहीत असतं, शेवटही आणि शेवट बदलला असता तर काय झालं असतं तेही. एकाच्या आवाजात धाप असते, दुसऱ्याच्या आवाजात आठवण.

मग शिरूर-दौंडला ही गंमत पोचली का नाही?

कारण आपल्याकडे डिस्क आली ती वेगळ्या दारानं आली.

आधी व्हीसीआरचा जमाना. गणपतीत, लग्नात, नाहीतर कारखान्याचं बिल हातात आलं की कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट रात्रभरासाठी भाड्यानं. अंगणात टीव्ही, समोर सगळी आळी. सकाळी परत द्यायचं असल्यामुळं तिन्ही पिक्चर बघून संपवायचेच, मग झोप गेली तरी चालेल. अशा रात्री कोण म्हणणार, की आता हाच पिक्चर डायरेक्टरच्या बोलण्यासकट परत लावू?

त्यानंतर आली व्हीसीडी, आणि खरा घोळ इथं आहे. युरोप-अमेरिका कॅसेटवरून सरळ डीव्हीडीवर गेली. भारतानं, आणि आशियातल्या बऱ्याच देशांनी, मध्ये व्हीसीडीचा थांबा घेतला. व्हीसीडी म्हणजे साध्या सीडीवर दाबून बसवलेला पिक्चर. एका सीडीत सव्वा तासाच्या आसपास व्हिडिओ मावतो, म्हणून एक पिक्चर दोन नाहीतर तीन सीडींचा. मध्यंतर कुठं होणार ते डायरेक्टर ठरवत नव्हता, सीडी ठरवत होती. दुसरी सीडी अडकायला लागली की शर्टाला पुसायची, नाही चालली तर टूथपेस्ट घासायची. त्यात लोडशेडिंग. लाइट परत आली की पिक्चर पहिल्यापासून.

या व्हीसीडीवर आवाजाला जागा एकच, डावा आणि उजवा मिळून एक स्टिरिओ ट्रॅक. कराओकेच्या डिस्कवाले त्यातही युक्ती करायचे, एका बाजूला नुसतं संगीत आणि दुसऱ्या बाजूला गायकासकट. पण पूर्ण पिक्चरचा आवाज, वर कॉमेंट्री, वर तो निवडायचा मेनू, असलं काही तिथं सोयीनं बसणारं नव्हतं. म्हणजे जगात कॉमेंट्रीचा सुवर्णकाळ चालू होता तेव्हा आपल्या हातात अशी डिस्क होती, जिच्यावर ती टाकायला जागाच नव्हती.

बरं, डीव्हीडी आली तेव्हा तरी? २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं बाजारात दणका दिला. व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना. पायरेटेड सीडीवाल्याच्या तोंडचा घास काढून घेणारी किंमत होती ही. वेगवेगळ्या भाषांतले, मराठीसह, पिक्चर त्यांनी या भावात आणले आणि ज्यांनी आयुष्यात कधी ओरिजिनल डिस्क घेतली नव्हती त्यांनी ती घेतली. या गोष्टीचं मोल मोठं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण ३४ रुपयांत कॉमेंट्री बसत नाही. तिथं धंदा होता जास्तीत जास्त पिक्चर कमीत कमी पैशांत देण्याचा. एकाच डिस्कवर तीन पिक्चर हा आपला ‘एक्स्ट्रा’ होता. पुढं इंटरनेट स्वस्त झालं, डिस्कचा बाजार बसला आणि २०१८ साली मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली.

मोठ्या हिंदी पिक्चरच्या बाबतीत पडद्यामागचं सांगायची हौस होती, पण तिचा रस्ता वेगळा होता. ‘लगान’च्या शूटिंगवर सत्यजित भटकळ यांनी ‘चले चलो’ हा अख्खा माहितीपट केला. मराठीत मात्र पिक्चर थिएटरला लावायलाच निर्मात्याच्या नाकीनऊ येत होते. त्याला वर कॉमेंट्री रेकॉर्ड कर म्हणणं म्हणजे लग्नात जेवण कमी पडत असताना आइस्क्रीमचा स्टॉल लावायला सांगण्यासारखं होतं.

टीव्ही रांजणगावात बनतो, पण त्याला डिस्क लागत नाही

आता आजचं बघू. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला दोन गोष्टींसाठी लोक येतात, महागणपती आणि एमआयडीसी. याच एमआयडीसीत एलजीचा मोठा कारखाना आहे आणि तिथं टीव्ही बनतात. त्याच एलजीनं ब्ल्यू-रे प्लेअर बनवणं थांबवल्याची बातमी २०२४ च्या डिसेंबरात आली. सॅमसंग त्याआधी २०१९ मध्येच अमेरिकेच्या बाजारात या धंद्यातून बाहेर पडली होती. २०२३ च्या सप्टेंबरात नेटफ्लिक्सनं आपली टपालानं डीव्हीडी पाठवायची जुनी सेवा बंद केली. सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. या शेवटच्या बातमीवर सोशल मीडियावर ‘ब्ल्यू-रे मेला’ म्हणून बोंब झाली, पण ती घरी रेकॉर्ड करायच्या कोऱ्या डिस्कबद्दल होती. पिक्चर भरलेल्या डिस्क परदेशात अजून निघतात, हौशी लोक त्या घेतातही. फक्त त्या लावायचं यंत्र बनवणारे एकेक करून कमी होतायत.

डिस्क गेली तर गेली, तिच्यासाठी कोण रडणार? ओटीटी आहे की. इथं एक मजेशीर गोष्ट बघा. ओटीटीवर पिक्चर लावला की ‘ऑडिओ’ असं एक बटण येतं. त्यात मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू असे ट्रॅक असतात. म्हणजे व्हीसीडीवर जी जागा नव्हती ती आता हवी तेवढी आहे. आणखी एक ट्रॅक टाकणं हे तांत्रिकदृष्ट्या किरकोळ काम. तरी कॉमेंट्री दिसत नाही. डिस्ने प्लसवर परदेशात काही पिक्चरला ती ‘एक्स्ट्राज’मध्ये मिळते. क्रायटेरियनची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा कॉमेंट्र्यांनी भरलेली आहे, पण ती अमेरिका आणि कॅनडापुरती. प्राइम व्हिडिओवर पिक्चर थांबवला की नटांची नावं आणि बारीकसारीक माहिती येते, कॉमेंट्रीचा तेवढाच तुकडा आपल्या ताटात.

याचं कारण सरळ हिशेबात आहे. डिस्कवर कॉमेंट्री असली की डिस्क जास्त खपायची. ओटीटीवर तुम्ही महिन्याचे पैसे आधीच भरलेत. तोच पिक्चर तुम्ही दुसऱ्यांदा बघितला काय आणि नाही बघितला काय, कंपनीला फरक पडत नाही, उलट तुम्ही काहीतरी नवीन लावावं यासाठी तिची धडपड. पिक्चर संपून नावं यायला लागली की स्क्रीन छोटी होते आणि पुढचा ट्रेलर सुरू होतो. ज्या व्यवस्थेला नावं सुद्धा शेवटपर्यंत दाखवायचा धीर नाही, ती त्या नावांमागच्या माणसांना दोन तास बोलायला देईल ही आशा जरा जास्तच.

आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याच हातातल्या मोबाइलमध्ये आहे. दोन तास मोकळेपणानं बोलायचं तर माणूस काहीतरी बोलून जातो. या नटाला सीन जमत नव्हता, त्या गावानं शूटिंग बंद पाडलं, सेन्सॉरनं हे काढायला लावलं. आज त्यातला पंधरा सेकंदांचा तुकडा कापून कोणीतरी रील टाकेल आणि संध्याकाळपर्यंत निषेधाची निवेदनं तयार. त्यापेक्षा डायरेक्टर प्रमोशनच्या मुलाखतीत ठरलेले तीन किस्से सांगतो आणि घरी जातो.

मग मुलाखती आहेत की! ‘मित्रम्हणे’, ‘व्हायफळ’सारखे मराठी पॉडकास्ट कलाकारांना तासन्‌तास बोलतं करतात, आणि चांगलं करतात. पण मुलाखतीत माणसाला जे आठवतं ते तो सांगतो. कॉमेंट्रीत पडदा त्याला आठवायला लावतो. कोपऱ्यात उभा असलेला माणूस दिसतो आणि दिग्दर्शक म्हणतो, अरे हा तर आपला लाइटवाला, त्या दिवशी नट आलाच नव्हता. हे कुठल्याही मुलाखतीत निघणार नाही, कारण विचारणाऱ्याला तो कोपरा माहीत नसतो आणि सांगणारा तो विसरलेला असतो.

दौंडहून सोलापूरकडं जाताना

दौंड जंक्शनवरून सोलापूरच्या दिशेनं गाडी निघाली की भिगवण मागं पडतं, मग जेऊर येतं, पुढं केम. जेऊर हे नागराज मंजुळे यांचं गाव. ‘फँड्री’तला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे केमचा, हलगी वाजवताना मंजुळेंच्या नजरेत भरलेला. ‘सैराट’चं बरंचसं शूटिंग याच करमाळा भागातलं. म्हणजे गेल्या काही वर्षांत ज्या दोन मराठी पिक्चरवर सगळ्यात जास्त बोललं गेलं, त्यांची मुळं दौंडच्या रेल्वेलाइनीवर आहेत.

या भागातल्या लोकांनी ‘सैराट’ बघताना स्वतःची कॉमेंट्री केलीच आहे. ही विहीर कुठली, हा ऊस कुणाचा, ही भाषा आपल्याच आज्जीची. पण बनवणाऱ्याची कॉमेंट्री असती तर? ‘फँड्री’त डुकरामागं धावणारं कुटुंब राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी थांबतं आणि डुक्कर निसटतं. तो सीन चालू असताना दिग्दर्शकाच्या तोंडून काय निघालं असतं? शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे आपल्यावरच. तो दगड किती वेळा फेकून बघितला असेल? आणि ‘सैराट’च्या शेवटी तर पडद्यावरचा आवाजच नाहीसा होतो. पूर्ण शांतता. त्या शांततेवर कॉमेंट्री करणारा माणूस बोलला असता की गप्प बसला असता, हे ऐकायला लोक दोन तास खुशीनं थांबले असते.

दिग्दर्शक अजून काम करतायत, त्यामुळं ही संधी गेली असं नाही. पण काही संधी गेल्यात. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ आठवा. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री मोकळ्या रस्त्यावरून संथ मोटारसायकल चालवतो आणि त्याच्या कानात ‘माईं’चा आवाज असतो. जुन्या ध्वनिमुद्रणातली माईंची व्याख्यानं, संगीत म्हणजे काय, साधना म्हणजे काय. माई पडद्यावर येत नाहीत, फक्त आवाज. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’ आणि राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला ‘कासव’ सुनील सुकथनकर यांच्यासोबत करणाऱ्या सुमित्रा भावे. १९ एप्रिल २०२१ ला पुण्यात त्यांचं निधन झालं आणि ३० एप्रिलला ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आला. त्या गेल्यावर अकरा दिवसांनी त्यांचा आवाज लाखो लोकांच्या कानात पोचला, तोही एका गुरूचा आवाज म्हणून, दुसऱ्या कोणाच्या पिक्चरमध्ये, दुसऱ्या कोणी लिहिलेली वाक्यं बोलताना.

‘देवराई’त अतुल कुलकर्णींचा शेष आहे, ‘अस्तु’त मोहन आगाशेंचे विस्मरणात गेलेले अप्पा आहेत. या पात्रांना वेडं न ठरवता जवळून कसं दाखवायचं, याबद्दल सीन बघत बघत त्या दोन तास बोलल्या असत्या तर ती चीज फक्त सिनेमावाल्यांच्या उपयोगाची राहिली नसती. घरात असा रुग्ण असलेल्या माणसानं ती ऐकली असती. निशिकांत कामत २०२० साली गेले, वयाच्या पन्नाशीत. ‘डोंबिवली फास्ट’मधली लोकलमधली घुसमट कशी टिपली, हे त्यांच्याकडून फ्रेम बघत ऐकायचं आता होणार नाही. पुण्यात लॉ कॉलेज रोडला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जुन्या फिल्म तिथं जपल्या जातात, आता त्यांचं डिजिटल रूपही होतंय. रीळ वाचवता येतं. माणसाच्या डोक्यातलं रीळ वाचवायचं तर त्याला वेळेत माइकसमोर बसवावं लागतं.

दुसऱ्या ट्रॅकची चर्चा आलीच तर

पडद्यावर काय चाललंय हे सांगणारा आवाजाचा जादा ट्रॅक ही काही लोकांसाठी गंमत नसून गरज आहे. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी जे वर्णन केलं जातं त्याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. संवादांच्या मधल्या जागेत "तो खिडकीशी जातो, पत्र फाडतो" असं सांगणारा आवाज. २०२३ साली ‘पठाण’च्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयानं ओटीटी आवृत्तीसाठी अशी सोय करायला सांगितलं, आणि १५ मार्च २०२४ ला माहिती व प्रसारण मंत्रालयानं थिएटरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कॉमेंट्री आणि हे वर्णन वेगळं आहे, गल्लत करू नका. पण जादा ट्रॅक बनवायची, तपासायची आणि मेनूत दाखवायची सवय एकदा लागली की कॉमेंट्रीला ‘हे कसं करायचं’ म्हणून नाही म्हणता येणार नाही.

आणि कंपनीची वाट बघायलाच पाहिजे असंही नाही. रायन जॉन्सन या दिग्दर्शकानं ‘लूपर’ आणि ‘नाइव्हज आउट’ थिएटरला चालू असतानाच आपली कॉमेंट्री साध्या एमपीथ्री फाइलमध्ये फुकट टाकली. ज्यांनी एकदा बघितलाय त्यांनी इअरफोन लावून परत या, असं सांगितलं. थिएटरवाल्याचंही तिकीट खपलं. हे मराठीत कुणालाही करता येईल. फाइलमध्ये फक्त बोलणं असतं, पिक्चरचं चित्र नाही की आवाज नाही, त्यामुळं हक्कांचा गुंताही फारसा येत नाही. जुळवायचं कसं? सुरुवातीला सांगायचं की सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावरून गेलं की प्ले दाबा. सर्टिफिकेट नसेल तर निर्मात्याचं नाव येईल तेव्हा.

ऐकायचीच असेल तर थोड्या गोष्टी लक्षात ठेवा. पिक्चर आधी साधा बघून घ्या, पहिल्यांदाच कॉमेंट्रीसकट बघितलात तर दोन्हीची माती होईल. इंग्रजी कॉमेंट्री भराभर जाते, सबटायटल्स चालू ठेवा म्हणजे मूळ संवाद हुकणार नाहीत. आणि आवडता पिक्चरच निवडा. न आवडलेल्या पिक्चरचा डायरेक्टर दोन तास स्वतःचं कौतुक करताना ऐकणं ही शिक्षा आहे.

एक सोय मात्र आपल्याकडच्या लोकांना आयती आहे. पिक्चर नीट माहीत असेल तर कॉमेंट्री चित्राशिवायही ऐकता येते. दौंड ते पुणे साधारण ७५ किलोमीटर, गाडीत रोज जाऊन-येऊन करणारे हजारो. शिरूरला तर रेल्वेच नाही, तिथल्या माणसाच्या नशिबी नगर रोड, शिक्रापूरची गर्दी आणि वाघोलीचा ट्रॅफिक. एवढ्या वेळात एका पिक्चरची कॉमेंट्री सहज संपते. सीट मिळाली नाही तरी चालतं, डोळे मिटले तर आणखी बरं.